बेंदवाडीचा बुरूज

आमचे चेअरमन लालासाहेब १९७३ साली द्राक्षशेतीचा अभ्यास करायला अकरा दिवस युरोपात जाऊन आले. त्या अभ्यासातून बेंदवाडीला दोन गोष्टी मिळाल्या. एक, कोकिळा बाहेर येऊन ओरडते असं भिंतीवरचं घड्याळ. आणि दुसरी, एक कल्पना. घड्याळातली कोकिळा आठ दिवसांत अर्धी बाहेर येऊन अडकली आणि कायमची गप्प झाली. कल्पनेचं तसं झालं नाही.

"तिकडं काय करत्यात म्हाईताय का?" लालासाहेब सोसायटीच्या ओट्यावर बसून सांगायचे. "लोकं सुट्टीच्या दिवशी बसमदनं निघत्यात. आदी एक पडका किल्ला बगत्यात. मग शेजारच्या मळ्यात जाऊन द्राक्षाची दारू पित्यात. पुन्यांदा पडका किल्ला, पुन्यांदा दारू. दिस मावळायला घरी. येवढ्यावर देशच्या देश चाललाय गड्या! आपल्यात काय कमी हाय? द्राक्षं हायत. पडकं तर इचारूच नगा."

त्या काळी आपल्याकडं प्यायला परमिट लागायचं, त्यामुळं लोक बसमधून जाऊन पितील हे कुणाला पटेना. पण चेअरमनला पटलं की गावाला पटतं, एवढी लोकशाही बेंदवाडीत होतीच. सोसायटीनं ठराव केला: 'ऐतिहासिक स्थळदर्शन व द्राक्षवाईन आस्वाद सहल, एक दिवसाची.'

मी तेव्हा सोसायटीत कारकून होतो. म्हणजे एकोणतीस दिवसांचा कारकून. सलग तीस दिवस भरले तर माणूस कायम होतो, अशी सोसायटीला कुणीतरी भीती घातली होती. म्हणून दर एकोणतीस दिवसांनी मला एक दिवस काढून टाकत आणि दुसऱ्या दिवशी नव्या ऑर्डरवर परत घेत. साडेतीन वर्षांत मला बेचाळीस वेळा नोकरी लागली. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांत मिळून एवढ्या वेळा नोकरी लागलेला दुसरा तरुण नसावा. पहिल्या चार वेळा आईनं पेढे वाटले, मग थकली. मुलीवाले मात्र घरी येऊन एकच विचारायचे, "कायम हाईस का?" आणि चहा अर्धा ठेवून जायचे.

मी इतिहासात बी.ए., सेकंड क्लास. म्हणून सहलीची ऐतिहासिक बाजू माझ्याकडं आली. दारूची बाजू तात्याबांकडं गेली. तात्याबा म्हणजे रिटायर सुभेदार. बावीस वर्षं फौजेत काढलेली. पिण्याचा दीर्घ आणि निष्कलंक अनुभव असलेला गावातला एकमेव माणूस. द्राक्ष कुजवून दारू करायची हे त्यांनी कुठल्याशा मेसमध्ये एका साहेबाच्या खानसाम्याकडून ऐकलं होतं. दूध संघानं मोडीत काढलेले चाळीस कॅन त्यांनी आणले, लालासाहेबांच्या मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं उभे केले, आणि दोन हंगामांची द्राक्षं त्यात तुडवून भरली. रोज सकाळी ते कॅनची परेड घ्यायचे. शेवटी चार प्रकार तयार झाले: तांबडी, पांढरी, गुलाबी, आणि जिला कुठलाच रंग धरला नाही ती खाकी.

ऐतिहासिक बाजू जास्त अवघड होती, कारण बेंदवाडीला इतिहास नाही. सैन्यं आली-गेली ती सगळी शेजारच्या कडेगाववरून. आमचं गाव कुणी लुटलंसुद्धा नाही. जुन्या माणसांना याचं अजून वाईट वाटतं. मी हे चेअरमनना स्पष्ट सांगितलं.

"पडकं पायजे न्हवं?" लालासाहेब म्हणाले. "मग टाकी हाय की."

ही टाकी सांगितली पाहिजे. १९७१ साली गावाला नळयोजना मंजूर झाली आणि पाण्याच्या टाकीचं काम लालासाहेबांचे मेहुणे हंबीरराव यांना मिळालं. त्यांनी ती लालासाहेबांच्याच मळ्यात, आत्ताच्या शेडच्या पलीकडं, तीन महिन्यांत बांधली. उद्घाटनाचा मुहूर्त दुपारचा होता. काम पूर्ण झाल्याचा दाखला सकाळीच सह्या होऊन गेला. दुपारी पुढाऱ्यानं नारळ फोडला, पाणी सोडलं, टाकी एक तृतीयांश भरली आणि खाली बसली. कोसळली असं म्हणता यायचं नाही. दमलेली म्हातारी बसते तशी, कण्हत कण्हत बसली. कुणाला लागलं नाही. पण दाखला गेलेला होता. त्यामुळं कागदावर टाकी उभीच राहिली, आणि तेव्हापासून रोज गावाला चाळीस हजार लिटर पाणी देते. त्याचा तक्ता दर महिन्याला मीच तयार करायचो.

चार वर्षांत ढिगाऱ्यावर शेवाळ धरलं, एक पिंपळ उगवला, दोन घोरपडी राहायला आल्या. मी शेजारी बोर्ड लावला: 'ऐतिहासिक अवशेष. येथे थुंकू नये.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. १९७१ सुद्धा इतिहासच आहे.

सहलीला मंजुरी द्यायला मुंबईहून साहेब येणार होते. आदल्या दिवशी लालासाहेबांनी लाल कापडाची बांधणी केलेलं शेरेबुक माझ्यापुढं टाकलं. हे प्रत्येक संस्थेत असतं. मोठा पाहुणा आला की त्यात चार ओळी लिहून जातो आणि त्या चार ओळींवर संस्था पुढं दहा वर्षं जगते.

"हे बग नानासो," लालासाहेब म्हणाले. "सायबानं ह्यात चांगलं लिवलं, मंजुरी दिली, की तुझी कायमची ऑर्डर. माझा शबूद. न्हाई लिवलं, तर त्रेचाळीसावी ऑर्डर इसर."

"चांगलं कशाबद्दल? वाईन तर तात्याबांची."

"वाइनीचं मला सांगू नगंस, मी चाखलीया," लालासाहेब खालच्या आवाजात म्हणाले. "म्हणून तर तुला सांगतोय."

१९७५च्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी सात वाजता साताऱ्याच्या विश्रामगृहातून दोन पाहुण्यांना आणि मला घेऊन सोसायटीची जीप निघाली. चालवायला हुसेनभाई. पाहुण्यांतले एक देवस्थळीसाहेब. पर्यटनाचं बघणारे, गोरे, पातळ, गळ्यात कॅमेरा. दुसरे परमिट खात्याचे इन्स्पेक्टर भोकरे. जीपमध्ये पाय ठेवायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "मी ड्यूटीवर आहे. वाईन उघडेल तिथं मी हजर पाहिजे, असा नियम आहे. आणि हजर असलो तरी मी थेंब घेता कामा नये, असाही नियम आहे."

"म्हंजे नवरदेवाच्या म्हागं बसल्याला करवलाच की," हुसेनभाई गिअर टाकत पुटपुटले.

पहिलं स्थळ साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटांची विहीर. मी रात्रभर पाठ करून आलो होतो. विहिरीतच बांधलेला महाल, दगडात कोरलेले वाघ-सिंह, वर बारा मोटा चालायच्या त्या जागा. देवस्थळीसाहेब पायऱ्या उतरले, वर चढले, आणि त्यांचं तोंड बारीक झालं.

"फारच धडधाकट आहे हो," ते म्हणाले.

"साहेब?"

"म्हणजे, हिच्यात शोधायला काही उरलेलं नाही. हिच्यावर सगळ्यांनी लिहून झालंय. आमच्या खात्यातल्या गोडबोल्यानं तर दोनदा लिहिलंय. त्याच्या नावावर तीन ठिकाणं लागली, माहीत आहे? एक तर साधा चौथरा आहे. आणि मी सतरा वर्षं नोकरी करतोय." ते विहिरीत डोकावून पाहत राहिले, जणू गोडबोले खाली दिसतोय. "कुणाला ठाऊक नसलेलं असं काही आहे का तुमच्याकडं?"

"आहे साहेब," मी म्हणालो. "कुणालाच ठाऊक नाही असं."

मग कऱ्हाडच्या वाटेवर आमचे सत्कार सुरू झाले. चेअरमननी आपल्या ओळखीच्या प्रत्येक संस्थेला 'मुंबईचे साहेब जाणार आहेत' एवढंच कळवलं होतं, त्यामुळं प्रत्येक फाट्यावर एक टेबल, एक टेबलक्लॉथ आणि एक अध्यक्ष उभा होता. नारळ, शाल, भाषण, चहा. चहाला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं की अध्यक्षाला वाटतं पाहुण्यानं आपली जात काढली. कडेगावला पोचेपर्यंत देवस्थळीसाहेबांच्या पोटात नऊ चहा आणि मांडीवर पाच शाली होत्या. जीपमध्ये नारळ गडगडत होते.

"आम्ही वाईन चाखायला चाललोय," साहेब क्षीण आवाजात म्हणाले. "जिभेवर साखरेचा थर बसलाय."

"बसू द्या साहेब," हुसेनभाई म्हणाले. "त्यो थर हाय त्येच बरं हाय."

साडेबाराला बेंदवाडी आली. शेडसमोर मांडव घातला होता आणि मांडवाच्या टोकाला घोंगडीवर लालासाहेबांच्या आई साळूबाई बसल्या होत्या. सात-बारावर मळा त्यांच्या नावावर होता. गळ्यात तुळशीची माळ. दारू प्यायची भांडी माझ्या रानात नगंत, असं त्यांनी आधीच बजावलेलं होतं.

"मग सायबाला द्यायची कशातनं आवं?" तात्याबांनी तेव्हा विचारलं होतं.

"ते तुमचं तुमी बगा. प्याला दिसला तर काठीनं फोडीन."

तात्याबा फौजेतले. हुकमानं कशाला नाही म्हटलंय एवढंच ते बघतात. जे उरतं ते करायचं. त्यांनी कऱ्हाडच्या तांबट आळीतून नवं पंचपात्र आणि पळी आणली. पूजेला असते तीच. पेला नाही म्हटल्यावर दुसरं काय उरतं?

पाहुणे खुर्च्यांवर बसले. तात्याबा छातीवर सगळी मेडलं लावून, हातात पंचपात्र घेऊन समोर आले.

"ग्लास नाहीत का?" देवस्थळीसाहेबांनी विचारलं.

"न्हाईत साहेब. हात फुडं करा. उजवा."

"अहो, पण वाईनचा रंग बघायचा असतो. ती अशी गोल फिरवायची, मग हुंगायची..."

"फिरवा की. हात तुमचाच हाय."

साहेबांनी तळव्यात तांबडी घेतली, हात गोल फिरवला, आणि वाईन मनगटावरून बाहीत गेली. उरली ती त्यांनी हुंगली, प्याली, आणि जन्मभराच्या सवयीनं ओला तळवा डोक्यावरून फिरवला. मग त्यांच्या लक्षात आलं. संध्याकाळपर्यंत त्यांच्या केसांवर माशा बसत होत्या.

रांगेत पुढं भोकरे होते. तात्याबांनी पळी भरून त्यांच्यापुढं धरली. ते 'नको' म्हणणार होते हे मी शपथेवर सांगतो; त्यांचं तोंडही तसं उघडलं होतं. पण पंचेचाळीस वर्षं पूजेला बसलेला हात खात्याला विचारत नाही. पळी समोर आली, उजवा हात पुढं झाला, डावा त्याच्याखाली आला, डोळे मिटले, गट्ट झालं, तळवा टकलावरून फिरला. मग भोकऱ्यांनी डोळे उघडले आणि त्यांना कायदा आठवला.

"हे काय होतं?"

"तांबडी."

"मला पुन्हा देऊ नका."

"न्हाई देत," तात्याबा म्हणाले, आणि पांढरी घेऊन आले. हात पुन्हा पुढं झाला.

गुलाबीला भोकऱ्यांनी हात खिशात घालून बघितला. तात्याबा पळी धरून समोर उभेच राहिले. पळी अशी तिष्ठत ठेवणं भोकऱ्यांना बरं वाटेना, म्हणून त्यांनी हात काढला. खाकीची दुसरी फेरी झाल्यावर तर ते स्वतःच उठून गावकऱ्यांची रांग सरळ करत होते. साळूबाई हे सगळं बघत होत्या. पेला कुठंही दिसत नसल्यामुळं त्यांना बोलायला जागा नव्हती. "भटजी फौजेतला दिसतोय," एवढंच म्हणाल्या.

देवस्थळीसाहेबांनी चारही प्रकार चाखले. मग अपघाताची बातमी सांगावी तसं म्हणाले, "हिला म्हशीचा वास येतो."

"व्हय साहेब," तात्याबा म्हणाले. "कॅन दुधाचं हायत. चार येळा धुतल्यात."

"फ्रान्समध्ये लाकडी पिंपं असतात."

"तिकडं म्हशी नसत्याल."

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. लालासाहेब माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत माझी त्रेचाळीसावी ऑर्डर टराटरा फाटत होती.

"साहेब," मी उठलो. "ते राहिलंय. कुणाला ठाऊक नसलेलं."

शेडच्या मागं साठ पावलांवर टाकी होती. साहेब चालत आले, माझा बोर्ड वाचला, ढिगाऱ्याकडं पाहिलं, आणि थबकले. मग त्यांनी चष्मा पुसला. मला वाटलं संपलं.

"गोल आहे," ते हळूच म्हणाले. "अहो, हा बुरूज आहे!"

लालासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी पिंपळाकडं पाहिलं.

साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी एक ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं, जिभेला लावलं. "चुना! निव्वळ चुना आणि वाळू. यात सिमेंटचा कण नाही."

"न्हाई साहेब," लालासाहेब म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य.

"आणि एवढं मोठं बांधकाम, कुठं लोखंडाची सळई म्हणून दिसत नाही!"

"एक न्हाई साहेब," लालासाहेब म्हणाले. शेजारी हंबीरराव उभे होते, त्यांनी मान खाली घातली. सळ्या असत्या तर साहेबांना संशय आला असता हे खरं. पण सळ्या असत्या तर टाकी पडलीच नसती.

"काय कारागीर होते तेव्हाचे!" साहेब म्हणाले.

"जी," हंबीरराव लाजून म्हणाले.

ढिगाऱ्यातून पाणी सोडायचा सहा इंची पाइप बाहेर आला होता. साहेबांनी तो दोन्ही हातांनी धरला. "तोफ. गंजलीये, पण बघा ना, तोंड कुठं आहे? थेट कडेगावच्या रस्त्यावर!" मग ते माझ्याकडं वळले. "तुम्ही बी.ए. ना? काळ कुठला म्हणाल?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हुसेनभाईंनी बिडी तोंडातून काढली.

"नक्की नाही सांगता येत साहेब," मी म्हणालो. "पण सिमेंट यायच्या आधीचा आहे."

हेही अक्षरशः खरं होतं. टाकी बांधून झाली तेव्हा सिमेंट आलंच नव्हतं. ते नंतर आलं आणि परस्पर हंबीररावांच्या बंगल्याला गेलं.

"हा कुठल्याच यादीत नाही," साहेब पुटपुटले. "मला यादी पाठ आहे. गोडबोल्याला पत्ताच नाही याचा!" आणि त्यांनी टाकीचे छत्तीस फोटो काढले, शेवटचे बारा हुसेनभाईंच्या हातात कॅमेरा देऊन, स्वतः पुढं उभे राहून.

मांडवात परत येऊन त्यांनी शेरेबुक मागवलं आणि दीड पान लिहिलं. लालासाहेबांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. बेंदवाडीचा अज्ञात बुरूज, त्याचा शोध, शोध लावणाऱ्याचं नाव दोनदा, 'संरक्षित स्मारक म्हणून तातडीने घोषित करावा अशी शिफारस मी करीत आहे', 'स्थानिक अभ्यासक श्री. नानासो यांची जाण उल्लेखनीय'. वाईनबद्दल शेवटी एक ओळ होती: 'अल्पोपाहार ठीक.'

टाळ्या झाल्या. मी मनातल्या मनात कायम झालो. एवढ्यात भोकरे उठले, टेबलाला धरत धरत आले, आणि त्यांनी पेन मागितलं. दिवसभर हजर राहिल्याची खूण म्हणून त्यांना काहीतरी लिहायचं होतं. साहेबांच्या सहीखाली त्यांनी उतरत्या ओळीत लिहिलं: 'सदर शेड ऐतिहासिक वास्तूपासून साठ पावलांवर आहे. ऐतिहासिक वास्तूच्या दोनशे पावलांच्या आत मद्य करणे, ठेवणे व देणे नियमात बसत नाही. सबब शेड बंद.' असा काही नियम होता की तो खाकीतून आला, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. पण शेरेबुकातला शेरा खोडायची पद्धत नाही.

लालासाहेबांनी मला दंडाला धरून जीपच्या मागं नेलं. हंबीरराव पाठोपाठ आले.

"नानासो, जा. सायबाला सांग, त्यो बुरूज न्हवं, टाकी हाय."

"कुठली टाकी?"

"येड्याचं सोंग घिऊ नगंस! आपली. बसल्याली."

"चेअरमन, आपली टाकी उभी हाय. रोज चाळीस हजार लिटर पाणी देती. गेल्या सोमवारीच तुमी तक्त्यावर सही केली, मी कागद धरला हुता."

लालासाहेबांच्या कपाळावर घाम आला. "मग तू तुझ्या तोंडानं सांग. म्हणावं, माजी चूक झाली, बोर्ड मी लावला."

"सांगतो. मग साहेब इचारणार, टाकी कवा पडली, कुणी बांधली, दाखला कुणी दिला. त्याला काय सांगू?"

"दाजी," हंबीरराव घाईनं म्हणाले, "बुरूजच ऱ्हाऊ द्या. चांगला दिसतोय."

लालासाहेब शेडकडं बघत उभे राहिले. दोन हंगामांची द्राक्षं, चाळीस कॅन, युरोप. तिकडं तात्याबा रिकामी पळी धुऊन फडक्यानं पुसत होते. बावीस वर्षांत कधी माघार न घेतलेला माणूस. त्यांना अजून कुणी शेरा वाचून दाखवला नव्हता.

साहेब दहा पावलांवर होते. मी जाऊन खरं सांगितलं असतं तर तात्याबांचे कॅन वाचले असते, म्हशीच्या वासासकट. टाकीचं काय झालं हे एकदा तरी मोठ्यानं बोललं गेलं असतं, कदाचित दुसरी टाकीही झाली असती. आणि शेऱ्यातली माझी जाण गेली असती. मी हे सगळं विचारात घेतलं, असं म्हटलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे मी एवढंच म्हणालो, "शेरा तर चांगला हाय. माज्या ऑर्डरचं बगा मग."

"तुझी ऑर्डर?" लालासाहेब म्हणाले. "ह्ये एकोणतीस दिस भरलं की तू आन तुझा बुरूज."

तसंच झालं. एकोणतीस दिवस भरले आणि तिसाव्या दिवशी मला काढलं ते काढलंच. त्याच आठवड्यात भोकऱ्यांच्या देखरेखीखाली चाळीस कॅन ओढ्यात ओतले. तात्याबा अटेन्शनमध्ये उभे राहून बघत होते. शेवटच्या कॅनला त्यांनी सलाम ठोकला. ओढ्यातले मासे चार दिवस उलटे पोहत होते.

जूनमध्ये मुंबईहून लखोटा आला. बेंदवाडीचा बुरूज संरक्षित झाला होता. त्याला राखणदाराचं एक पद मंजूर झालं होतं, आणि 'स्थानिक अभ्यासक' म्हणून त्या पदावर माझी नेमणूक होती. कायम. पेन्शनसह. मी तो शब्द बोटानं चाचपून बघितला. आठवड्याभरात दोन मुलीवाले येऊन गेले, दोघांनी चहा पूर्ण प्याला. लालासाहेब रस्त्यात भेटले की मान फिरवतात. हंबीरराव मात्र वरचेवर येऊन बुरजासमोर उभे राहतात, आणि पाहुणा बघत असला की 'तेव्हाचे कारागीर' म्हणून उसासा टाकतात.

मला खाकी टोपी, शिट्टी, खुर्ची आणि रोजनिशी मिळाली. सोबत सूचनांचा कागद होता. त्यातली पहिली सूचना: 'बांधकाम केवळ चुन्यातील असल्याने त्यास पाण्यापासून धोका संभवतो. सबब परिसरात पाणी आणू, साठवू अथवा सांडू देऊ नये.'

ओढाही आटला होता आणि पाणी गावात कुठंच नव्हतं, त्यामुळं मला हे सोपं वाटलं. पण बायका दीड मैलावरच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणतात आणि त्यांची वाट बुरजाला खेटून जाते. पिंपळाच्या सावलीत हंडे टेकवून त्या दम खातात. पहिल्या दिवशी सकाळी रंगूबाई आणि अख्तरबी डोक्यावर दोन-दोन भांडी घेऊन आल्या. मी टोपी नीट केली आणि उभा राहिलो.

"पाणी हितनं न्यायचं न्हाई," मी म्हणालो. "बुरजाला वल लागती."

रंगूबाईनं मान न हलवता फक्त डोळे वळवले. "कशाला वल लागती?"

"बुरजाला."

तिनं ढिगाऱ्याकडं बघितलं. एकाहत्तर साली त्या कामावर ती तीन महिने रोजंदारीवर पाट्या वाहत होती. "ह्याला? आरं, ह्यात पाणी भरायचं म्हणून आमी माती वाह्यली की रं. तू तवा चड्डीत हुतास का कालिजात?"

"कागदावर तसं न्हाई, मावशी."

"मग कागदावरनं पाणी भरू व्हय?"

"चल गं रंगू," अख्तरबी म्हणाली. "साहेब हाय आता त्यो. कायम झालाय."

दोघी वळल्या आणि बाभळीच्या बाजूनं, काट्यातून, लांबचा वळसा घालून गेल्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत मी बघत उभा होतो. थेंबही सांडला नाही. मग मी खुर्चीत बसलो, नवी कोरी रोजनिशी उघडली, आणि नियमाप्रमाणे पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं: 'परिसराची पाहणी केली. पाणी आढळले नाही.'